तळटिपांची झडती

कुर्ट क्निस्पेल हा जर्मन रणगाड्यातला तोफची. त्याच्या नावावर शत्रूचे १६८ रणगाडे सांगितले जातात. दुसऱ्या महायुद्धात एवढे रणगाडे दुसऱ्या कुणीच फोडले नाहीत, ही पुस्तीही त्याला जोडली जाते. २८ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला दहाबारा दिवस उरले असताना, तो मारला गेला. वय तेवीस. गोष्ट इथं संपत नाही. हा गडी म्हणे केस वाढवायचा, हनुवटीवर दाढी राखायचा, वरिष्ठांना जुमानायचा नाही. सोव्हिएत युद्धकैद्यांचा छळ करणाऱ्या एका अधिकाऱ्यावर त्यानं म्हणे हात उगारला आणि म्हणूनच त्याच्या गळ्यात ‘नाइट्स क्रॉस’ हे शौर्यपदक कधी पडलं नाही.

वाचता वाचता हा मुलगा आवडू लागतो. हिटलरच्या फौजेत असूनही हिटलरचा न वाटणारा, बंडखोर, दिलदार. चित्रपटाला नायक हवा असेल तर हा आयता तयार आहे.

आता एकच प्रश्न विचारायचा: हे सांगितलं कुणी?

या प्रश्नाच्या मागे गेलं की वाट फ्रांझ कुरोव्स्की या लेखकाच्या दारात पोहोचते. कुरोव्स्की (१९२३–२०११) यांनी रणगाडेवाले, पाणबुडीवाले, वैमानिक अशा जर्मन ‘वीरां’ची पुस्तकं ढिगानं लिहिली. त्यांतले संवाद असे, की दोन सैनिक रणगाड्याच्या पोटात काय बोलले ते जणू लेखकानं शेजारी बसून टिपून घेतलं असावं. कागदपत्रांचा पुरावा मात्र शोधावा लागतो. रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस या दोन अमेरिकी इतिहासकारांनी २००८ साली पूर्व आघाडीच्या दंतकथेवर अख्खं पुस्तक लिहिलं. पूर्व आघाडीवरच्या जर्मन सैनिकाला राजकारणापासून अलिप्त, निष्पाप योद्धा म्हणून रंगवणाऱ्या लेखकांची त्यांनी त्यात झाडाझडती घेतली. कुरोव्स्की त्यांच्या यादीत आहेत.

बखर वाचलेल्या मराठी माणसाला हे नवं नाही. बखरीत फौज लाखांत असते, मरणाऱ्याच्या तोंडी सुंदर वाक्य असतं आणि लिहिणारा त्या रणात नसतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतची अस्सल पत्रं त्यांनी समोर मांडली आणि बखरकारांची उलटतपासणी घेतली. त्यांच्यासमोर निदान बखर बखरीच्या वेशात आली होती. विकिपीडियावर ती तळटिपेच्या वेशात येते: बारीक अक्षर, वर चढवलेला आकडा, लेखकाचं नाव, पृष्ठ क्रमांक. इतक्या सभ्य पोशाखातल्या पाहुण्याला ओळखपत्र कोण मागणार?

ते मागणारी एक बाई निघाली. केसेनिया कॉफमन या सोव्हिएत काळातल्या रशियात जन्मल्या आणि अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहू लागल्या. इतिहासाची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. २०१५ च्या सुमाराला त्या इंग्रजी विकिपीडियावरची दुसऱ्या महायुद्धाची पानं वाचत होत्या आणि काहीतरी खटकत होतं. पुढं २०२१ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात नोम कोहेन यांनी त्यांच्यावर मोठा लेख लिहिला, तेव्हा बाहेरच्या जगाला हे काम कळलं. तोवर त्यांची हजारो संपादनं होऊन गेली होती आणि तितक्याच चिकाटीनं त्यांच्याशी भांडणारी माणसंही तयार झाली होती.

खटकण्यासारखं तरी काय होतं? पानावर कुठंही ‘हिटलर थोर होता’ असं लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर पहिल्याच तासात कुणीतरी ते उडवलं असतं. जे होतं ते निरुपद्रवी दिसणारं होतं. एखाद्या विस्मृत कॅप्टनचं पान. त्यात जन्म, शाळा, पलटण, लढाया. आणि खाली पदकांचा तक्ता. आयर्न क्रॉस, दुसरी श्रेणी, अमुक तारीख. आयर्न क्रॉस, पहिली श्रेणी, अमुक तारीख. जखमींचं पदक, काळं. जखमींचं पदक, रुपेरी. मग नाइट्स क्रॉस, त्यावर ओकची पानं, त्यावर तलवारी. हे सगळं खरं. प्रत्येक ओळीला संदर्भ. त्या पलटणीनं ज्या गावातून कूच केलं त्या गावातल्या माणसांचं पुढं काय झालं, याबद्दल मात्र अक्षर नाही.

तक्त्याच्या खाली आणखी एक दागिना असायचा: ‘वेअरमाख्टबेरिष्ट’मधला उल्लेख. हे जर्मन लष्करी मुख्यालयाचं रोजचं युद्धवार्तापत्र. रेडिओवरून वाचलं जायचं, वर्तमानपत्रांत छापलं जायचं. कुठल्या सैनिकानं किती विमानं पाडली हे त्यात नावानिशी यायचं आणि ज्याचं नाव आलं त्याला तो सन्मान वाटायचा. आता ही चीज काय होती ते सरळ म्हणायचं तर नाझी सरकारच्या प्रचारयंत्रणेचा माल. पण पानावर ते मूळ जर्मन वाक्य, शेजारी त्याचं इंग्रजी भाषांतर आणि तारीख असं चौकटीत बसवलं, की प्रचाराचा पुरावा होतो. गोबेल्सच्या काळातलं कौतुक सत्तर वर्षांनी ‘संदर्भासहित माहिती’ म्हणून पुन्हा छापलं जात होतं. छापणाऱ्यांपैकी बहुतेकांना तसं काही करायचंही नसावं. कुणाला विमानांचे आकडे आवडतात, कुणाला रणगाड्यांची मॉडेलं. तिकिटं जमवणारा राजाचा चेहरा पाहत नाही, तिकिटाचे दाते मोजतो.

कॉफमन यांनी दाते मोजायचं सोडून छापखान्याचा पत्ता पाहायला सुरुवात केली. पुस्तक कुणी काढलं? ‘मुनिन फेर्लाग’. हे कोण? वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या ‘एसएस’ संघटनेच्या लढाऊ शाखेच्या, माजी सैनिकांची ‘हियाग’ नावाची संघटना १९५१ साली पश्चिम जर्मनीत निघाली, तिची ही प्रकाशनसंस्था. न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणानं १९४६ साली एसएसला, तिच्यातल्या वाफेन-एसएससकट, गुन्हेगारी संघटना ठरवलं होतं. तो कलंक पुसायचा, आम्ही इतरांसारखेच साधे सैनिक होतो असं ठसवायचं आणि जमलं तर निवृत्तिवेतन मिळवायचं, ही हियागची खटपट. संघटना १९९२ साली विसर्जित झाली. पुस्तकं राहिली, कॅनडातल्या विनिपेगच्या एका प्रकाशकानं यातलं बरंच साहित्य इंग्रजीत आणलं आणि त्याच इंग्रजी आवृत्त्या विकिपीडियाच्या तळटिपांत येऊन बसल्या. मुनिन हे नॉर्स पुराणातल्या ओदिन देवाच्या एका कावळ्याचं नाव; त्याचा अर्थ स्मृती. नाव ठेवणाऱ्यांना आपण काय विकतो आहोत याची नेमकी कल्पना होती.

नाइट्स क्रॉस मिळालेल्यांची प्रमाण मानली जाणारी यादी तयार करणारे वॉल्टर-पीअर फेलगीबेल हेही पदकधारकांच्याच संघटनेतले. म्हणजे आरोपीच्या वाड्यातच दप्तर आणि कारकूनही वाड्यातलाच.

नाइट्स क्रॉस हे पदक १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, सुरू झालं आणि युद्ध संपेपर्यंत सात हजारांहून जास्त जणांना दिलं गेलं. विकिपीडियावर लष्करी इतिहासाच्या संपादकांचा एक संकेत होता: देशाचं सर्वोच्च शौर्यपदक ज्याला मिळालं तो उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र नोंदीच्या लायकीचा. हा निकष व्हिक्टोरिया क्रॉसला ठीक. तोच नाइट्स क्रॉसला लावला तर सात हजार चरित्रांचा दरवाजा उघडतो आणि त्यांतल्या बहुसंख्यांबद्दल कुठल्याही स्वतंत्र इतिहासकारानं एक परिच्छेदही लिहिलेला नसतो. मग पान भरायचं कशानं? पदकांनी, वार्तापत्रानं आणि कुरोव्स्कीनं.

सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांना चरित्रकोश करताना पानं मोजावी लागत होती. प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन असे तीन खंड, त्यांत कोण घ्यायचा, कोण गाळायचा, कुणाला दोन ओळी नि कुणाला दोन रकाने. कागदाचा खर्च हाही एक संपादक होता, तसा बराच कडक. विकिपीडियाला कागद लागत नाही. तिथं संपादकाचं हे काम माणसालाच अंगावर घ्यावं लागतं आणि लोकांचा राग ओढवून घ्यावा लागतो.

चर्चापानांवर भांडणं झाली, महिनोन्‌महिने झाली. शेवटी त्या पदकाचं आपोआप पान मिळवून देणारं वजन काढून घेण्यात आलं आणि असंख्य नोंदी आद्याक्षरांनुसार केलेल्या याद्यांकडे वळवण्यात आल्या. म्हणजे नाव शोधलं तर सापडतं, पण नाव, हुद्दा, पलटण, तारीख अशी एक ओळ तेवढी. पान ‘पुनर्निर्देशित’ झालं असं त्या भाषेत म्हणतात. ज्यांनी संध्याकाळी जागून तक्ते भरले होते त्यांना हे घर पाडल्यासारखं वाटलं असणार. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता: माहिती खरी आहे, संदर्भ आहे, जागा फुकट आहे, मग काढता का? इतिहास आवडला नाही म्हणून पुसायचा का?

इथं उत्तर द्यायला हवं, कारण हा आक्षेप दरवेळी येतो. दहा खऱ्या वाक्यांनीही खोटं चित्र उभं राहतं. कुणीतरी निवडून दिलेली दहा आणि कुणीतरी गाळलेलं अकरावं. ज्याच्याबद्दल जगाला एक ओळ माहीत आहे त्याला एक ओळ देणं ही प्रामाणिक लांबी झाली. उरलेली जागा त्याच्याच बाजूच्या कौतुकानं भरणं ही ढिलाई.

२०१८ मध्ये प्रकरण इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीपुढं गेलं, ‘जर्मन युद्धप्रयत्न’ या नावानं. ही समिती मजकुराचा खरेखोटेपणा ठरवत नाही, संपादकांची वागणूक पाहते. कॉफमन यांच्यावर बंदी आली नाही. विरोधी बाजूच्या संपादकांना या विषयापासून दूर राहायला सांगण्यात आलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं पेल्यातलं वादळ वाटेल. पण शाळेतला मुलगा आणि घाईतला पत्रकार पहिल्यांदा तोच पेला तोंडाला लावतात.

पेल्यात काय असतं याचा नमुना म्हणून आर्थर नेबे. कॉफमन यांनी हात घातलेल्या पानांपैकी हे एक. नेबे जर्मन गुन्हे-पोलिसांचा प्रमुख. १९४१ च्या उन्हाळ्यात तो ‘आइन्झात्सग्रुप बी’ या फिरत्या मारेकरी पथकाचा सेनापती म्हणून बेलारूसमध्ये गेला. त्याच्या कारकिर्दीत मिन्स्कजवळ मनोरुग्णांना स्फोटकांनी, तर मोगिलेवमध्ये मोटारीच्या धुरानं मारून पाहण्याचे प्रयोग झाले. १४ नोव्हेंबर १९४१ पर्यंत मारलेल्यांचा त्या पथकाचा स्वतःचा हिशेब: ४५,४६७. पण हाच नेबे नंतर हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४ च्या कटाच्या वर्तुळात होता आणि मार्च १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. झालं, युद्धानंतर कटातून वाचलेल्या मित्रांना एक अडचणीचा हुतात्मा मिळाला. मग सांगणं सुरू झालं की तो मनानं तसा नव्हता, तिथं नाइलाजानं गेला, बर्लिनला पाठवलेले आकडे त्यानं फुगवले, प्रत्यक्षात इतके मारलेच नाहीत. हे सांगणाऱ्यांत हान्स बर्न्ड गिसेवियस ठळक. तो नेबेचा दोस्त. पुढच्या पिढीतल्या इतिहासकारांनी, विशेषतः क्रिस्टियान गेरलाख यांनी, कागद तपासले आणि या बचावाला आधार सापडला नाही.

आता संपादकानं काय करायचं? ‘काही जणांच्या मते’ म्हणून मित्राची साक्ष आणि इतिहासकाराचा निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवायचे? नवख्याला वाटतं, निःपक्षपातीपणा म्हणजे हाच. दोन्ही पारड्यांत सारखंच वजन. विकिपीडियाचा नियम तसा नाही. ज्या मताला अभ्यासकांत जेवढा आधार, तेवढी त्याला जागा. मित्राची साक्ष मित्राची साक्ष म्हणूनच सांगायची, तीही सांगण्याजोगी असेल तर.

क्रियापदांवर हे सगळं तोललेलं असतं. ‘दावा केला’ आणि ‘सांगितलं’ यांत अंतर आहे. ‘मारले गेले’ म्हटलं की मारणारा वाक्यातून पसार होतो. ‘पलटणीनं गनिमी टोळ्यांचा बंदोबस्त केला’ हे वाक्य तर अख्खं तपासायला हवं, कारण पूर्व आघाडीवर ‘बंदोबस्त’ या शब्दाखाली गावंच्या गावं जाळली गेली.

आणि पहिल्या वाक्यातला शब्दक्रम. हान्स-उलरिष रूडेलचं उदाहरण घ्या. तो अनाम नाही. नाइट्स क्रॉसची सर्वांत वरची, सोनेरी ओकपानांची पायरी युद्धात एकट्या त्याला मिळाली. २,५३० उड्डाणं, ५१९ रणगाडे हे आकडे विमानप्रेमी पोरांना तोंडपाठ असतात. पण युद्धानंतरची सदतीस वर्षं? तो अर्जेंटिनात गेला, फरारी नाझींना मदत करणारं मंडळ काढलं, परत येऊन १९५३ मध्ये एका अतिउजव्या पक्षाचा उमेदवार झाला. १९७६ मध्ये जर्मन हवाई दलाच्या तळावरच्या एका संमेलनाला त्याला येऊ दिलं आणि त्याची पाठराखण केली म्हणून दोन जनरलांना घरी जावं लागलं. ‘वैमानिक आणि नवनाझी कार्यकर्ता’ लिहायचं, की ‘सर्वाधिक पदकं मिळवणारा वैमानिक’ लिहून बाकीचं तळाशी ‘उत्तरायुष्य’ या मथळ्याखाली ढकलायचं? एवढ्या एका वाक्यावर लोक कीबोर्ड झिजवतात आणि ते झिजवणं योग्यच आहे.

या रूडेलच्या ओळखीतलं एक नाव आपल्याकडच्या वाचकाला कुठंतरी ओझरतं ऐकल्यासारखं वाटेल: सावित्री देवी. नावावरून कुणी साध्वी डोळ्यांपुढं येते. मूळ नाव माक्सिमियानी पोर्तास. १९०५ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात जन्म. १९३२ मध्ये ‘आर्य’ परंपरा शोधत हिंदुस्थानात आली, कलकत्त्याच्या असितकृष्ण मुखर्जींशी लग्न केलं. १९३९ मध्ये तिचं ‘अ वॉर्निंग टू द हिंदूज’ हे पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना गणेश दामोदर सावरकरांची, म्हणजे भगूरच्या बाबारावांची. युद्धानंतर पराभूत जर्मनीत जाऊन तिनं नाझी पत्रकं वाटली, १९४९ मध्ये पकडली गेली, ब्रिटिश लष्करी न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली, काही महिन्यांत सुटली. १९५८ च्या ‘द लायटनिंग अँड द सन’ या पुस्तकात तिनं हिटलरला थेट अवतारांच्या मालिकेत नेऊन बसवलं.

तिचं चरित्र लिहायचं तर पंचाईत अशी की तिच्या आयुष्याची मुख्य साक्षीदार तीच. नवऱ्यानं सुभाषबाबूंची जपान्यांशी गाठ घालून दिली, युद्धकाळात हेरगिरी केली, या थरारक गोष्टी तिच्याच सांगण्यावरून पसरल्या. निकोलस गुडरिक-क्लार्क यांनी १९९८ मध्ये तिच्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं म्हणून निदान एक बाहेरचा आधार तरी आहे. त्यातूनही निवडून घ्यावं लागतं. अभ्यासकानं तिची आठवण उद्धृत केली म्हणून ती घटना सिद्ध होत नाही. पहिल्या वाक्यात ‘लेखिका, विचारवंत, प्राण्यांच्या हक्कांची पुरस्कर्ती’ असं एकामागून एक गोड लिहीत गेलं आणि ‘नाझी’ हा शब्द चौथ्या जागी ठेवला, तर प्रत्येक शब्द खरा असून वाचणारा फसतो. प्राण्यांवर तिनं पुस्तक लिहिलं हे खरंच आहे.

तरी इंग्रजीत भांडायला माणसं आहेत. भाषा लहान असली की काय होतं ते क्रोएशियन विकिपीडियानं दाखवलं. तिथं मोजक्या प्रचालकांच्या टोळीनं अनेक वर्षं कारभार हातात ठेवला. महायुद्धकाळातल्या उस्ताशांच्या फासिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य होत गेले, यासेनोवात्सच्या छळछावणीचं वर्णन बोथट होत गेलं, विरोध करणाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली गेली. २०१३ मध्ये देशाच्या शिक्षणमंत्र्यांनाच विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की हा विकिपीडिया वापरू नका. विकिमीडिया फाउंडेशननं मागवलेला चौकशी अहवाल यायला २०२१ उजाडलं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथं गप्पांच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’. शब्द निवडणाऱ्याचं कौतुक करावं. मात्र चावडीवर माणसं थोडी. इंग्रजीवरून भाषांतर होऊन एखादं पान मराठीत येतं आणि मागाहून इंग्रजीतला मजकूर कुणी तपासून छाटला, तरी मराठीतलं पान आपोआप बदलत नाही. ते जुन्या तक्त्यासकट, जुन्या विशेषणांसकट तसंच उभं राहतं. तेव्हा असं एखाद्या विस्मृत सेनानीचं किंवा कडव्या प्रचारकाचं पान समोर आलं, तर वाचकहो, पदकं सोडून आधी तळाशी जा. पुस्तक कुणी काढलं ते पाहा, ‘इतिहास पहा’वर टिचकी मारून कोणतं वाक्य कधी आलं ते पाहा आणि खटकलं तर चर्चापानावर दोन ओळी लिहून ठेवा. त्याला पदवी लागत नाही.